ट्रकला एसी आला, पण थांबलेल्या तासांचे पैसे कोण देणार?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी असणं सक्तीचं झालं आहे. गाडी आणि माल धरून साडेतीन टनांच्या वर वजन जाणारी मालवाहू वाहनं या नियमात येतात. अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांच्या उन्हात गाडी हाकतात, त्यांचे काय हाल होत असतील, हा प्रश्न केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी त्याच वर्षी जाहीर भाषणात विचारला होता. खर्च वाढेल म्हणून काहींनी एसीला विरोध केला, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

एसी हवाच होता. इंजिनाच्या धगीत बसून मे महिन्यात विदर्भ ओलांडणाऱ्या माणसाला गार हवा मिळण्यावर वाद घालायचं कारण नाही. पण दूरपल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरचे हाल नेमके कशामुळे होतात हे बघायचं तर केबिनमधून उतरून एखाद्या गोदामाच्या गेटवर उभं राहायला हवं. गाडी चालू असताना ड्रायव्हर काहीतरी कमावत असतो. उभ्या गाडीत बसलेल्या ड्रायव्हरचं काय, याचं उत्तर या धंद्यात कुणी नीट दिलेलं नाही. थकवा, अपघात, ड्रायव्हरांची टंचाई यांचं बरंचसं मूळ तिथे आहे.

ड्रायव्हरला पैसे कशाचे मिळतात?

ट्रकचा मालक एक, त्याला माल मिळवून देणारा ट्रान्सपोर्टर दुसरा आणि ज्याचा माल आहे तो व्यापारी किंवा कंपनी तिसरी. मध्ये एखादा दलालही असतो. माल भरला की बिल्टी फाटते. बिल्टी म्हणजे कुणाचा, कोणता, किती माल कुठून कुठे निघाला याची पावती. भाडं ठरतं टनावर नाहीतर अख्ख्या गाडीवर.

काही मालक ड्रायव्हरला महिन्याचा पगार देतात. लांबच्या रूटवर मात्र बहुतेकदा फेरीमागे ठरलेली रक्कम आणि वर खोराकी, म्हणजे जेवणखाणाचा भत्ता, असा हिशेब चालतो. डिझेल ‘ॲव्हरेज’वर धरलं जातं, म्हणजे इतक्या किलोमीटरला इतके लिटर. त्याहून जास्त जळलं तर फरक ड्रायव्हरच्या हिशेबातून कापला जातो. एसीकडे वळू तेव्हा हा ॲव्हरेजचा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

समजा, एका फेरीचे ड्रायव्हरला ४,००० रुपये मिळतात. भरणं, चालवणं, खाली करणं हे सगळं तीन दिवसांत उरकलं तर दिवसाला तेराशेच्या वर पडले. पोचल्यावर गोदामात जागा नाही म्हणून गाडी दोन दिवस उभी राहिली, तर त्याच ४,००० रुपयांचे दिवसाला ८०० झाले. रस्ता तोच, माल तोच, मेहनतही तीच. दोन दिवस मात्र ड्रायव्हरच्या खिशातून गेले, आणि उशीर ज्याच्यामुळे झाला त्याला एक रुपयाही पडला नाही.

थांबणं फुकट कसं झालं?

रिक्षाचं मीटर आठवा. सिग्नलला रिक्षा उभी राहिली तरी वेटिंगचा आकडा हळूहळू चढत राहतो, कारण रिक्षावाल्याचा वेळ तुम्ही अडवून धरला आहे हे मीटरला मान्य आहे. ट्रकच्या मीटरला हे वेटिंगच नाही.

खरं तर मालवाहतुकीच्या जगात थांबण्याला किंमत लावायची पद्धत जुनी आहे. ठरल्यापेक्षा जास्त काळ जहाज अडकवून ठेवलं तर डेमरेज भरावं लागतं. रेल्वेची वाघीण वेळेत रिकामी केली नाही तरी डेमरेज. न्हावाशेवाहून उचललेला कंटेनर मोफत मुदतीनंतर परत केला तर शिपिंग कंपनी दिवसागणिक दंड लावते. लोखंडाच्या रिकाम्या डब्याच्या वेळेला भाव आहे आणि तो डबा ओढून नेणाऱ्या माणसाच्या वेळेला नाही, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

जाणकार म्हणतील, ट्रकलाही ‘हॉल्टिंग’ असतं की! असतं. हॉल्टिंग म्हणजे ठरलेल्या मुदतीपेक्षा गाडी जास्त अडकली तर द्यायची भरपाई. कागदावर ती अनेक करारांत सापडते. पण मुदत तासांत नसून दिवसांत मोजलेली असते आणि वसुलीसाठी त्याच पार्टीशी भांडावं लागतं जिच्याकडून पुढचा माल मिळायचा आहे. मालक म्हणतो, जाऊ दे. हॉल्टिंग मिळालंच तर ते मालकाच्या खात्यात जमा होतं. त्यातलं ड्रायव्हरपर्यंत किती येतं, हे मालकाच्या मर्जीवर.

आता गेटवर वेळ का जातो ते बघा. वजनकाट्यावर रांग आहे. क्वालिटीचा माणूस जेवायला गेलाय. हमालांची टोळी दुसऱ्या गाडीवर आहे. चलनात एक आकडा चुकलाय, ऑफिस सोमवारी उघडेल. गोदाम भरलेलं आहे. यातलं शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. गोदामाला भाडं पडतं आणि उभ्या ट्रकला पडत नाही, त्यामुळे ट्रकच गोदाम म्हणून वापरणं कंपनीला परवडतं. कळंबोलीचा स्टील बाजार घ्या, वाशीची बाजार समिती घ्या किंवा चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने घ्या, बाहेर उभ्या गाड्यांच्या रांगेमागे ढिसाळपणा असतोच. पण हा साधा व्यवहारही असतो.

आपल्याकडे ट्रक दिवसाला सरासरी तीनशे-चारशे किलोमीटरच कापतो, असं नेहमी सांगितलं जातं. जीएसटीनंतर जकातीसारखे नाके गेले, फास्टॅग आला, रस्ते रुंद झाले. गेटच्या आतलं घड्याळ मात्र कुणी हातात घेतलं नाही.

थांबण्याचा आणि अपघाताचा काय संबंध?

गेटवर दहा तास बसलेल्या ड्रायव्हरची विश्रांती झाली असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात रांग पुढे सरकते तशी गाडी सरकवावी लागते, नंबर पुकारला की हजर राहावं लागतं, आवाज चालू असतात, ऊन चढलेलं असतं. झोप अशी लागत नाहीच. आणि गाडी मोकळी झाली की बुडालेले तास भरून काढायची घाई असते, कारण पैसे फेरीचे आहेत.

त्यात शहरांची ‘नो एन्ट्री’. मुंबई, ठाणे, पुण्यात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. नागरिकांच्या सोयीचा निर्णय आहे आणि मीही त्याच्या बाजूचा आहे. पण त्याचा परिणाम असा की नो एन्ट्री सुटेपर्यंत गाडी शहराच्या वेशीवर उभी आणि खरं ड्रायव्हिंग रात्री. माणसाच्या शरीराचं स्वतःचं घड्याळ पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान सर्वांत मंद पडतं. आदल्या दिवशी कितीही ठरवलं तरी त्या वेळी डोळा जड होतोच.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रियेची क्षमता रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात, दारूचा थेंबही न घेतलेला पण रात्रभर जागलेला ड्रायव्हर कायद्याच्या नजरेत ‘प्यायलेल्या’ माणसापेक्षा वाईट स्थितीत असू शकतो आणि दारू तपासण्याच्या फुंकणीत काहीच दिसत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे जातो. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे गाडी पासष्ट मीटरच्या वर कुणीही न चालवता गेली.

गेटवरच्या थांबण्याचा अपघाताशी थेट संबंध जोडणारा एक हिशेब अमेरिकेत झालेला आहे. तिथल्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ च्या अहवालात असा अंदाज मांडला की माल भरण्या-उतरवण्याच्या ठिकाणचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. आणि अमेरिकेत तर ड्रायव्हिंगच्या तासांवर कडक बंधन आहे: १० तासांच्या सुट्टीनंतर १४ तासांच्या खिडकीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवतं. तरीही हा परिणाम दिसतो, कारण तिथेही अनेक ड्रायव्हरांना पैसे मैलावर मिळतात आणि गेटवर गेलेला वेळ त्या १४ तासांतूनच वजा होतो. म्हणून नुसते तास बांधून दिले की प्रश्न सुटला, असं होत नाही.

“पण आठ तासांचा कायदा आपल्याकडे आहेच ना?”

आहे, आणि फार जुना आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने १० आणि ५४ तास. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची सुट्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम ९१ ने हेच तास लागू केले. वाचायला उत्तम.

मेख दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच लागू होता. आपल्याकडे बहुतांश ट्रकमालक एक, दोन, फार तर पाच गाड्यांचे. कित्येक जण स्वतःच ड्रायव्हर. म्हणजे धंद्याचा मोठा भाग पहिल्याच ओळीत कायद्याबाहेर गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी हा जुना कायदा पोटात घेतला आणि परिवहन उद्योगासाठी उंबरठा पाचवरून दहा कामगारांवर नेला. जाळीची भोकं आणखी मोठी झाली.

दुसरी मेख कामाच्या तासांच्या व्याख्येत आहे. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ कामात धरावा, असं १९६१ चा कायदा सांगत होता. पंधरा तासांचं काय, याबद्दल तो गप्प होता. बस डेपोत कंडक्टर-ड्रायव्हर दोन फेऱ्यांमध्ये थांबतात, ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं असावं. सिमेंटच्या रांगेतला ट्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हता.

शिवाय मोजायचं कुणी? युरोपात ट्रकमध्ये टॅकोग्राफ असतो. ड्रायव्हर किती चालला, किती थांबला याची नोंद ठेवणारं हे यंत्र रस्त्यावरचा अधिकारी तपासू शकतो. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबलाच नाही तर ते लपत नाही. आपल्याकडे जीपीएस अनेक गाड्यांत आहे आणि फास्टॅगमुळे कोणती गाडी कोणत्या टोलवर किती वाजता होती हेही नोंदलं जातं. पण ही नोंद गाडीची आहे. त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं, हे त्यातून कळत नाही. एका गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर २० तास चाललेली गाडी नियमात बसू शकते. एकच असेल तर नाही.

मग एसीने काय होईल?

दिवसा चालत्या गाडीत फरक नक्की पडेल. उष्णतेने येणारा थकवा, डोकेदुखी, घामाने कमी होणारं पाणी हे सगळं एसीने कमी होतं, आणि खिडक्या बंद राहिल्या की धूर-धूळही कमी आत येते. “गार हवेत ड्रायव्हर झोपेल” हा आक्षेप मला तरी पटत नाही. झोप लागते ती झोप न मिळाल्यामुळे. एसी बसने रात्रभर प्रवास करताना आपण ड्रायव्हरच्या अंगावरची हवा बंद करा असं कधी म्हणत नाही.

पण गाडी उभी असताना एसीचं काय? ट्रकचा नेहमीचा एसी इंजिनावर चालतो. दुपारी दोन वाजता पार्किंगला केबिनमध्ये झोपायचं तर इंजिन चालू ठेवावं लागेल, म्हणजे डिझेल जळणार. आणि डिझेल तर ॲव्हरेजवर. जास्त जळलेलं ड्रायव्हरच्या पैशांतून कापलं जाणार असेल, तर तो एसी बंद ठेवूनच घाम गाळत पडेल. बॅटरीवर चालणारे पार्किंग कूलर बाजारात आहेत, पण नियम त्यांच्याबद्दल बोलत नाही. एखाद्या मालकाने ॲव्हरेज ठरवताना विश्रांतीच्या तासांचं डिझेल वेगळं धरलं, तर त्या एका बदलाने एसीचा फायदा दुप्पट होईल.

आणखी एक गोष्ट विसरू नये. नियम नव्या गाड्यांना आहे. ट्रक दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. आज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांमध्ये कित्येकांच्या केबिन तर कंपनीने बांधलेल्याच नाहीत. नुसती चॅसी, म्हणजे चाकं-इंजिनाचा सांगाडा, विकत घ्यायची आणि बॉडी बिल्डरकडून लाकूड-पत्र्याची केबिन करून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या केबिनला एसी कुठून येणार?

गाफील ड्रायव्हरला सावध करणाऱ्या यंत्रांचंही असंच आहे. डोळा मिटला की आवाज करणारी प्रणाली जड वाहनांना सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. यंत्र चांगलं. पण पहाटे चार वाजता ते ओरडलं, तर ड्रायव्हरने गाडी लावायची कुठे?

झोपायला जागा कुठे आहे?

रस्ताभर ढाबे आहेत. जेवण घेतलं की खाट मिळते, तोंड धुवायला पाणी मिळतं. पण ढाब्यापुढे मोकळी जागा असते दहा-पंधरा गाड्यांची. रात्री अकरानंतर आलेला ट्रक जागा नाही म्हणून रस्त्याच्या कडेला, शोल्डरवर उभा राहतो. आणि मग मागून दुसरी गाडी येते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत टकरींच्या प्रकारांत मागून बसलेली धडक हा सर्वांत मोठा प्रकार होता, एकूण अपघातांच्या सुमारे एक पंचमांश. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळून १२ जण गेले, ते महाराष्ट्र विसरलेला नसेल.

समृद्धी हे या विषयाचं चांगलं उदाहरण आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये. रस्ता आधी आला, विसाव्याची ठिकाणं मागून रखडत आली. सरळ, एकसुरी, वळण नसलेल्या रस्त्यावर माणसाचं लक्ष आपोआप बधिर होतं. अशा रस्त्यावर थांबायच्या जागा साध्या महामार्गापेक्षा जास्त लागतात. इथे पहिल्या काळात पेट्रोल पंप सोडले तर उतरायला फारसं काही नव्हतं.

सरकार हात बांधून बसलेलं नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरवर सुविधा केंद्र असावं असं धोरण आहे. पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाची ड्रायव्हरांसाठीची निवासस्थानं उभी राहत आहेत: खाटा, न्हाणी, स्वतः रांधायची जागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर अशा एक हजार इमारती बांधण्याची घोषणा केली. २०२४ च्या अखेरीस ‘अपना घर’ची सुमारे पावणेचारशे ठिकाणं होती आणि सगळ्यांत मिळून खाटा साडेचार हजारांच्या आसपास. देशात ट्रक आहेत चाळीस लाखांच्या घरात, असं नीती आयोग सांगतो. भागाकार वाचकांनीच करावा.

तरी खाटांच्या संख्येहून मोठी एक अडचण आहे, आणि ती नकाशा काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ड्रायव्हर गाडी सोडून झोपायला जायला तयार नसतो. टाकीतून डिझेल चोरीला जातं, ताडपत्रीची दोरी कापून माल काढला जातो, स्टेपनी जाते. नुकसान शेवटी त्याच्या माथी. म्हणून तो केबिनमध्येच आडवा होतो, अर्धा जागा. दिवे, कॅमेरे आणि रखवालदार असलेलं कुंपणाचं पार्किंग नसेल, तर शेजारच्या इमारतीतल्या गाद्या रिकाम्याच राहणार.

“भाडं वाढलं की महागाई वाढेल”

हा सगळ्यात गंभीर आक्षेप, म्हणून आकडा करून बघू. नाशिक जिल्ह्यातून दहा चाकी ट्रकमध्ये १६ टन कांदा लांबच्या बाजारात निघाला. ड्रायव्हरला झोप मिळावी म्हणून मालकाने जोडीला दुसरा ड्रायव्हर घेतला आणि त्याचे फेरीला ३,००० रुपये वाढले असं समजा. १६,००० किलोवर ३,००० रुपये म्हणजे किलोमागे १९ पैसे. कांद्याचा भाव एका आठवड्यात किती रुपयांनी खालीवर होतो ते गृहिणींना विचारा.

कमी किमतीच्या जड मालाचं, म्हणजे वाळू, सिमेंट, कोळसा यांचं गणित वेगळं आहे हे कबूल. तिथे वाहतूक हाच किमतीचा मोठा हिस्सा. पण तिथेच रांगाही सर्वांत लांब. थांबण्याला किंमत लागली तर रांगा कमी होतील, गाडीच्या महिन्याला फेऱ्या वाढतील आणि छोट्या मालकाचा हप्ता सुटेल. रावेर-सावद्याची केळी दिल्लीकडे पाठवणाऱ्याला तर दुसरा ड्रायव्हर परवडतोच; हजार-अकराशे किलोमीटरवर गाडी एक दिवस उशिरा पोचली की केळ्याचा भाव जातो.

“ड्रायव्हरच बेशिस्त असतात”

काही असतात. लेन कापणारे, दिवा नसलेली ट्रॉली हाकणारे, पिऊन चालवणारे सगळ्यांनी पाहिले आहेत आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण सेव्हलाइफ फाउंडेशनने हजाराहून अधिक ड्रायव्हरांशी बोलून केलेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी बघा. सरासरी दिवसाला जवळपास बारा तास ड्रायव्हिंग. थकलेले किंवा झोपेत असतानाही गाडी चालवतो असं सांगणारे साधारण निम्मे. आणि या धंद्यात नातेवाइकाला आणणार नाही म्हणणारे ८४ टक्के.

तो शेवटचा आकडा आता प्रत्यक्षात दिसतो आहे. पूर्वी पोरगा किन्नर, म्हणजे क्लीनर किंवा ड्रायव्हरचा मदतनीस, म्हणून गाडीवर चढायचा, टायर, ताडपत्री, घाट उतरताना गिअर कुठला ठेवायचा हे सगळं उस्तादाकडून शिकत पाच-सात वर्षांत ड्रायव्हर व्हायचा. खर्च वाचवायला किन्नर कमी झाले आणि त्याबरोबर या धंद्याची शाळाच बंद पडत गेली. २०१९ मध्ये परवान्यासाठीची आठवी पासची अट काढली, तरी येणारे वाढले असं कोणी मालक सांगत नाही.

जानेवारी २०२४ चा संप आठवत असेल. भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली आणि ड्रायव्हरांनी चाकं थांबवली. मनमाडजवळ पानेवाडीचे इंधन डेपो थंडावले, पंपांवर आपल्या रांगा लागल्या. जमाव मारेल म्हणून पळावं लागतं, हे त्यांचं म्हणणं होतं. चर्चेनंतरच ती तरतूद लागू करू असं सरकारने सांगितलं आणि जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे देशभर विखुरलेले हे लोक एकत्र आले की सरकार ऐकतं. ते एकत्र आले शिक्षेच्या भीतीने. वेटिंगच्या पैशांसाठी तशी एकजूट अजून झालेली नाही.

हमालांसाठी जे झालं ते

“एक-एक गाडीच्या मालकांना कायदा लावणार कसा?” हा प्रश्न उरतो. महाराष्ट्राने असाच प्रश्न एकदा सोडवलेला आहे. हमालाला तरी एक मालक कुठे होता? सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यात व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळ हमालाला मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, औषधोपचार देणार. मालक कितीही असोत, पैसे गोळा होण्याची जागा एक. ज्या ट्रकमधून तो हमाल माल उतरवत होता, त्याच्या ड्रायव्हरसाठी असं काही झालं नाही.

माथाडी व्यवस्था निर्दोष नाही. वाराईच्या, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याच्या हमालीच्या नावाखाली ड्रायव्हरकडूनच पैसे उकळले जातात ही वाहतूकदारांची जुनी तक्रार आहे आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा त्यातूनच आली. ड्रायव्हरांसाठी मंडळ काढायचं तर हा धडा आधी घ्यावा: रोखीचा व्यवहार गेटवर होताच कामा नये.

सुरुवात लहानही करता येईल. गाडी गेटवर आली ती वेळ बिल्टीवर नोंदवायची, खाली होऊन सुटली ती वेळही नोंदवायची. पहिले काही तास मोफत. त्यापुढच्या प्रत्येक तासाचा ठरलेला दर माल घेणाऱ्याकडून, आणि त्यातला ठरलेला वाटा थेट ड्रायव्हरच्या बँक खात्यात. मोठ्या सिमेंट, स्टील आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या आपल्या करारात हे उद्या लिहू शकतात. सरकारला स्वतःपासून सुरू करायचं असेल तर वखार महामंडळाची गोदामं आहेत, बाजार समित्या आहेत. बाजार समितीच्या गेटवर गाडीची आवक तशीही नोंदली जाते. त्या नोंदीत बाहेर पडल्याच्या वेळेचा एक रकाना वाढवायला दिल्लीहून अधिसूचना यावी लागत नाही.